दोन देशांच्या सरकारी कर्जाची तुलना कशी करावी: नायजेरिया आणि केनियाच्या उदाहरणातून पायरीपायरीने

२०२२ सालचे आकडे घ्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तक्त्यांत नायजेरियाचे सरकारी कर्ज जीडीपीच्या ४० टक्क्यांच्या आसपास दिसत होते आणि केनियाचे ६८ टक्क्यांच्या. एवढ्यावरून केनिया जास्त कर्जबाजारी, असे म्हणून अनेक जण मोकळे होतात. आता त्याच वर्षी दोन्ही सरकारांच्या हाती किती महसूल आला ते बघा. नायजेरियात जीडीपीच्या साधारण ९ टक्के, केनियात १७. कर्जाला महसुलाने भागले की दोघांचेही उत्तर चार-साडेचार पट येते आणि नायजेरियाचे किंचित जास्तच भरते. आकडे तेच राहिले, फक्त छेद बदलला, आणि निकाल फिरला.

म्हणून कर्ज किती, हा प्रश्न मी शेवटी विचारतो. आधी विचारायचे ते असे: कर्ज नेमके कोणाचे, कोणत्या चलनातले, फेडायचे कधी आणि कशातून. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. उदाहरणाला दोन आफ्रिकी देश घेतले आहेत, पण ही पद्धत कोणत्याही दोन विकसनशील देशांना लावता येते.

पायरी १: ‘सरकार’ म्हणजे कोण, हे ठरवा

केंद्र सरकार, संपूर्ण सरकार (केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था मिळून) आणि सार्वजनिक क्षेत्र (त्यात सरकारी कंपन्याही) अशी तीन वर्तुळे असतात. एका देशाचे आतले वर्तुळ आणि दुसऱ्याचे बाहेरचे घेतले, तर तुलना तिथेच संपली.

नायजेरियात ३६ राज्ये आणि राजधानी क्षेत्र आहे. राज्ये स्वतः कर्ज काढतात. तिथले डेट मॅनेजमेंट ऑफिस, म्हणजे डीएमओ, दर तिमाहीला जे एकूण सार्वजनिक कर्ज जाहीर करते, त्यात संघीय सरकारबरोबर राज्यांचेही कर्ज धरलेले असते. केनियात २०१३ पासून ४७ काउंटी (स्थानिक सरकारांचे विभाग) आहेत, पण राज्यघटनेनुसार राष्ट्रीय सरकारच्या हमीशिवाय त्यांना कर्ज घेता येत नाही. त्यामुळे केनियाचे राष्ट्रीय सरकारचे कर्ज आणि संपूर्ण सरकारचे कर्ज यांत फारसा फरक पडत नाही. नायजेरियात तो पडतो. काउंटींनी कंत्राटदारांची बिले थकवली आहेत हा भाग वेगळा, त्याकडे शेवटी येऊ.

संपूर्ण सरकार हे वर्तुळ घ्या, दोन्हीकडे तेच घ्या आणि तक्त्याच्या डोक्यावर तसे लिहून ठेवा. एकाच तक्त्यातले अंतर्गत येणेदेणे वजा झाले आहे का, हेही बघा. राज्याने केंद्राकडून घेतलेले कर्ज दोनदा मोजले जाणे ही नेहमीची चूक आहे.

पायरी २: आकडे कुठून घ्यायचे

तीन ठिकाणे पुरतात. पहिले म्हणजे नाणेनिधीचा ‘वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुक’. तो एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतो आणि त्यात ‘जनरल गव्हर्न्मेंट ग्रॉस डेट’, म्हणजे संपूर्ण सरकारचे ढोबळ कर्ज, ही ओळ असते. दुसरे म्हणजे जागतिक बँकेची ‘इंटरनॅशनल डेट स्टॅटिस्टिक्स’. तिथे बाह्य कर्ज सावकारानुसार फोडून मिळते. तिसरे म्हणजे देशाचा स्वतःचा स्रोत: नायजेरियात डीएमओ, केनियात नॅशनल ट्रेझरी आणि मध्यवर्ती बँक.

जागतिक बँकेच्या तक्त्यात एक खड्डा आहे आणि त्यात फार लोक पडतात. ‘एकूण बाह्य कर्ज’ या ओळीत खासगी कंपन्यांनी परदेशातून घेतलेले कर्जही येते. आपल्याला हवी ती सार्वजनिक आणि सरकारी हमी असलेल्या कर्जाची ओळ. नाणेनिधीकडून घेतलेली रक्कम आणि एसडीआर (नाणेनिधीने सदस्य देशांसाठी निर्माण केलेली राखीव मालमत्ता) यांचे वाटप तिथे वेगळ्या ओळीत असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये नाणेनिधीने सर्व सदस्यांना मिळून ६५० अब्ज डॉलर मोलाचे एसडीआर वाटले. नायजेरियाच्या वाट्याला सुमारे ३.३५ अब्ज डॉलर आले. हे वाटप हिशेबात देणे म्हणून नोंदले जाते. त्यामुळे त्या वर्षीच्या आकड्यातली ही वाढ कोणीही कर्ज न काढता आलेली आहे.

एककांचे भान ठेवा. मूळ तक्त्यांतले ट्रिलियन म्हणजे आपले लाख कोटी आणि बिलियन म्हणजे अब्ज. हजारपटीची चूक इथेच होते.

पायरी ३: तारीख आणि चलन एका रेषेत आणा

नायजेरियाचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर, केनियाचे जुलै ते जून. ‘२०२३’ असे नुसते लिहिलेले असेल, तर सहा महिन्यांचा फरक लपून राहतो. शांत काळात एवढ्याने फार बिघडत नाही. चलन कोसळत असेल तेव्हा सगळेच बिघडते.

जानेवारी ते मार्च २०२४ ही तिमाही यासाठी उत्तम नमुना आहे. नायजेरियाचे बाह्य कर्ज डिसेंबरअखेर सुमारे ४२.५ अब्ज डॉलर होते. मार्चअखेर ते सुमारे ४२.१ अब्ज झाले, म्हणजे थोडे उतरलेच. पण डॉलरचा भाव सुमारे ९०० नायरांवरून १,३०० च्या पुढे गेला आणि एकूण सार्वजनिक कर्ज ९७.३४ लाख कोटी नायरांवरून १२१.६७ लाख कोटींवर पोहोचले. देशांतर्गत कर्जही त्यात वाढले खरे, पण वाढीचा मोठा भाग निव्वळ विनिमय दराचा होता. त्याच तीन महिन्यांत केनियात उलटे घडले. डॉलर सुमारे १५७ शिलिंगांवरून १३२ च्या आसपास उतरला आणि एकूण कर्ज सुमारे ११.१ लाख कोटी शिलिंगांवरून सुमारे १०.४ लाख कोटींवर आले. नायजेरियात कर्जाचा स्फोट झाला आणि केनियाने कर्ज फेडले, असे कोणी या आकड्यांवरून लिहिले तर दोन्ही विधाने दिशाभूल करणारी ठरतील.

यावर उपाय सोपा आहे. कर्जाचे दोन भाग करा. परकीय चलनातला भाग डॉलरमध्येच ठेवा, देशी चलनातला देशी चलनातच. मग दोन्हीकडे एकच तारीख धरा. एकत्र बेरीज हवीच असेल, तर त्या तारखेचा विनिमय दर शेजारी लिहा. वर्षाचा सरासरी दर कर्जाच्या साठ्याला लावू नका. साठा अखेरच्या दिवसाचा असतो, त्याला दरही त्याच दिवसाचा लागतो. जीडीपीला मात्र सरासरी दर. आणि सरकारी कागदांत परकीय कर्ज चालू दराने मोजले आहे की ते घेतले तेव्हाच्या दराने, हे तळटीपेत बघा. भारताच्या अर्थसंकल्पीय कागदपत्रांत ते जुन्या दराने दाखवण्याची पद्धत आहे, त्यामुळे आकडा खराखुरा असूनही कमी दिसतो.

‘बाह्य’ कर्ज आणि ‘परकीय चलनातले’ कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी फंडाने स्थानिक चलनातले रोखे घेतले तर ते बाह्य कर्ज आहे, पण विनिमय दराचा धोका सावकाराच्या डोक्यावर. देशातल्या बँकेने डॉलरमधले सरकारी रोखे घेतले तर नेमके उलटे. दोन्ही रकाने ठेवा.

पायरी ४: ‘कर्ज’ या शब्दाखाली काय काय भरले आहे

हा सगळ्यात चविष्ट भाग आहे, कारण बहुतेक लपवाछपवी इथेच चालते.

डीएमओच्या हिशेबाने मार्च २०२३ अखेर नायजेरियाचे सार्वजनिक कर्ज ४९.८५ लाख कोटी नायरा होते. जूनअखेर ते ८७.३८ लाख कोटी झाले. तीन महिन्यांत पाऊणपट वाढ. घडले असे की संघीय सरकार कित्येक वर्षे मध्यवर्ती बँकेकडून ‘वेज अँड मीन्स’ म्हणून उचल घेत होते. ही सोय तात्पुरत्या टंचाईसाठी असते. मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात तिला आदल्या वर्षीच्या महसुलाच्या ५ टक्क्यांची मर्यादा होती. प्रत्यक्षात थकीत उचल सुमारे २२.७ लाख कोटी नायरांवर गेली आणि डीएमओच्या अधिकृत आकड्यात ती कधीच दिसली नाही. मे २०२३ मध्ये संसदेच्या मंजुरीने तिचे ४० वर्षांच्या, ९ टक्के व्याजाच्या कर्जात रूपांतर झाले आणि मग ती आकड्यात आली. उरलेली वाढ बहुतांशी जूनमधल्या नायराच्या घसरणीची. पैसा खर्च झाला होता फार आधी, कागदावर उमटला २०२३ मध्ये. २०२२ साठी डीएमओचा आकडा आणि नाणेनिधीचा आकडा यांत जी दरी दिसते ती यामुळेच. नाणेनिधी ही उचल आधीपासून धरत होता.

तेव्हा दोन्ही देशांसाठी हे प्रश्न विचारा. मध्यवर्ती बँकेचे सरकारवरचे येणे धरले आहे का? कंत्राटदारांची थकलेली बिले? सरकारी हमीची कर्जे? मध्यवर्ती बँकेच्या हातातले सरकारी रोखे धरायचे की वगळायचे, यावरही एकमत नसते. ब्राझीलची स्वतःची व्याख्या ते वगळते आणि नाणेनिधीची धरते, म्हणून त्या एकाच देशाचे एकाच तारखेचे दोन आकडे मिळतात आणि त्यांत बरेच अंतर असते. व्याख्या कोणतीही घ्या, दोन्हीकडे एकच घ्या.

ढोबळ कर्जातून सरकारच्या आर्थिक मालमत्ता वजा करून निव्वळ कर्ज काढतात. विकसनशील देशांच्या बाबतीत या आकड्यावर मी फार विसंबत नाही. ज्या मालमत्ता वजा करायच्या, त्या अडचणीच्या वेळी विकता येतीलच असे नसते.

पायरी ५: छेद तपासा

कर्जाला कशाने भागायचे? जीडीपीने भागण्याची रूढी आहे, आणि जीडीपीचा आकडा एका रात्रीत बदलू शकतो. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने जीडीपीचे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या भावांवर मोजणी होते ते) १९९० वरून २०१० वर आणले आणि २०१३ ची अर्थव्यवस्था ८९ टक्क्यांनी मोठी ठरली. त्याच वर्षी केनियानेही फेरगणना केली आणि जीडीपी सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. कर्ज एक पैशाने कमी झाले नाही, गुणोत्तर मात्र कोसळले. नायजेरियाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा नवे आधारवर्ष घेतले, २०१९. त्यामुळे सुरुवातीला दिलेला ४० टक्क्यांचा आकडा आजच्या तक्त्यात तुम्हाला जसाच्या तसा सापडणार नाही.

आता महसुलाकडे वळा. फेरगणनेने कर्ज-जीडीपी आणि महसूल-जीडीपी ही दोन्ही गुणोत्तरे सारख्याच प्रमाणात खाली येतात, पण कर्ज भागिले महसूल हे उत्तर हलत नाही. जीडीपी मोजण्याच्या पद्धतीपासून ते सुरक्षित आहे. एकच गुणोत्तर निवडायला सांगितले तर मी हेच निवडेन. सावकाराला पैसे तिजोरीतून द्यायचे असतात, आणि तिजोरीत कर येतो. अनौपचारिक व्यवहार मोठे आणि करवसुली कमजोर असलेल्या देशांत तर हा फरक निर्णायक ठरतो. कर वाढवणे किती अवघड असते हे केनियाने दाखवले. जून २०२४ मध्ये रस्त्यावरच्या आंदोलनानंतर तिथल्या सरकारला वित्त विधेयक मागे घ्यावे लागले.

बाह्य कर्जासाठी तिसरा छेद हवा: निर्यात. डॉलरचे देणे डॉलरनेच फिटते. नायजेरियाची निर्यात जवळजवळ सगळी तेल आणि वायूची. केनियाची चहा, फुले, पर्यटन अशी विखुरलेली, शिवाय परदेशातल्या केनियन लोकांनी पाठवलेला पैसा. म्हणून नायजेरियासाठी एका वर्षाच्या निर्यातीवर भागू नका. तेलाच्या भावाची तेजी आणि मंदी दोन्ही येतील अशी चार-पाच वर्षांची सरासरी घ्या.

पायरी ६: कर्जाच्या अटी

शंभर डॉलरचे प्रत्येक कर्ज सारखे नसते. समजा ३० वर्षांचे कर्ज आहे, पहिली पाच वर्षे मुद्दल नाही, व्याज २ टक्के. नाणेनिधी आणि जागतिक बँक वापरतात तो ५ टक्क्यांचा वटाव दर (पुढची रक्कम आजच्या भावात आणण्याचा दर) लावला, तर या १०० डॉलरचे वर्तमान मूल्य ६६-६७ डॉलर निघते. पुढे द्यायचे हप्ते आजच्या भावात तेवढेच भरतात. आता केनियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेला १.५ अब्ज डॉलरचा युरोबाँड (परदेशी बाजारात परकीय चलनात विकलेले रोखे) बघा: व्याज ९.७५ टक्के, मुदत २०३१. त्याच ५ टक्के दराने त्याचे वर्तमान मूल्य दर्शनी किमतीच्या वर जाते. म्हणून बाह्य कर्ज सावकारानुसार तीन रकान्यांत मांडा: बहुपक्षीय संस्था, इतर देशांची सरकारे, व्यापारी सावकार. २०२३ अखेर नायजेरियाच्या बाह्य कर्जात युरोबाँड सुमारे १५ अब्ज डॉलरचे होते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, आणि बहुपक्षीय संस्थांचा वाटा निम्म्याच्या आसपास.

मुदतीचे वेळापत्रकही मागवा. वर्षागणिक किती मुद्दल फेडायचे, याचा साधा तक्ता. त्यात एखादे वर्ष अचानक उंच दिसले की तिथे थांबा. २०१४ मध्ये केनियाने दहा वर्षांसाठी काढलेले २ अब्ज डॉलरचे रोखे जून २०२४ मध्ये एकरकमी फेडायचे होते. ते फेडता येतील का, या शंकेने आधीचे कित्येक महिने शिलिंग घसरत राहिला. वर सांगितलेल्या नव्या युरोबाँडच्या पैशातून यातले बहुतेक रोखे मुदतीआधी परत घेतले गेले आणि शिलिंग सावरला. डॉलरमधले कर्ज त्या आठवड्यात जवळजवळ तेवढेच होते. बदलली होती ती फक्त एका तारखेची भीती.

पायरी ७: दरवर्षीचा भार

व्याजाला महसुलाने भागायचे. इथे मोठी फसगत होते ती पायरी १ विसरल्यामुळे. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२ मध्ये नायजेरियाच्या संघीय सरकारचा कर्जफेडीचा खर्च त्याच्या महसुलाच्या ९६ टक्के होता. आकडा खरा आहे, पण तो संघीय सरकारने स्वतःकडे ठेवलेल्या महसुलाशी मोजलेला आहे. संघाच्या सामायिक खात्यातला ४७ टक्क्यांहून जास्त वाटा राज्ये आणि स्थानिक संस्थांकडे जातो. संपूर्ण सरकारचा महसूल छेदात घेतला की टक्केवारी बरीच उतरते. केनियात वाटणी वेगळी आहे. घटनेनुसार काउंटींना राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा मिळतो, मोठा हिस्सा राष्ट्रीय सरकारकडे राहतो, आणि २०२३-२४ मध्ये त्यातला तीसएक टक्के फक्त व्याजात गेला. हे ३० आणि ते ९६ शेजारी ठेवून मथळा करणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी एकच कापड मोजणे.

‘कर्जफेडीचा खर्च’ यात मुद्दल धरले आहे का, तेही बघा. ९१ दिवसांची ट्रेझरी बिले (सरकारचे अल्पमुदतीचे रोखे) वर्षातून चारदा नव्याने विकली जातात. त्यांचे मुद्दल प्रत्येक वेळी मोजले तर भार अवास्तव फुगतो.

पायरी ८: कर्ज कुठल्या दिशेने चालले आहे

सूत्र एवढेच. पुढच्या वर्षीच्या गुणोत्तरातला बदल = (सरासरी व्याजदर − नाममात्र वाढ) ÷ (१ + नाममात्र वाढ) × आजचे गुणोत्तर + प्राथमिक तूट (व्याज सोडून तूट). नाममात्र वाढ म्हणजे महागाई धरून जीडीपीची वाढ. कर्ज ७० टक्के, व्याजदर ८, नाममात्र वाढ ११ असेल, तर पहिल्या भागातून सुमारे १.९ अंक कमी होतात. म्हणजे व्याज सोडून तूट १.९ टक्क्यांच्या आत राहिली तर कर्ज स्थिर. पण त्या ७० मधले ३५ डॉलरमध्ये असतील आणि डॉलर २० टक्क्यांनी महागला, तर एका झटक्यात ७ अंकांची भर पडते. महागाई वाढली की नाममात्र वाढ फुगते आणि सूत्र खूश दिसते, पण नवे रोखे कोणत्या व्याजाने खपत आहेत तेही सोबत बघा.

नाणेनिधीचे कर्जशाश्वततेचे अहवाल दोन्ही देशांसाठी मिळतात. फक्त केनियासाठी अल्प उत्पन्नाच्या देशांची चौकट वापरतात आणि नायजेरियासाठी बाजारातून कर्ज घेणाऱ्या देशांची. त्यामुळे एकाचा ‘उच्च’ धोका आणि दुसऱ्याचा ‘मध्यम’ धोका ही एकाच फूटपट्टीवरची दोन स्थाने नाहीत. अल्प उत्पन्नाच्या चौकटीत मध्यम क्षमतेच्या देशासाठी सार्वजनिक कर्जाच्या वर्तमान मूल्याचा मापदंड जीडीपीच्या ५५ टक्के आहे. केनियाने २०२३ मध्ये १० लाख कोटी शिलिंगांची ठोक मर्यादा काढून कायद्यात हाच ५५ टक्क्यांचा आकडा घातला. त्याची तुलना नायजेरियाच्या दर्शनी कर्जाशी करू नका.

पायरी ९: जे आकड्यात नाही ते शोधा

सरकारी हमी, सरकारी कंपन्यांचे कर्ज, निवृत्तिवेतनाची थकबाकी, प्रलंबित बिले (पायरी १ मधली काउंटींची थकलेली बिले यातच). केनिया एअरवेजच्या विमानकर्जाला सरकारची हमी होती. कंपनीला हप्ते झेपले नाहीत आणि ते सरकारच्या अंगावर आले. नायजेरियाने २००४ मध्ये अंशदायी निवृत्तिवेतन योजना आणली, पण आधीच्या नोकरीचे हक्क थकत गेले, आणि ती थकबाकी मिटवण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ७५८ अब्ज नायरांच्या रोख्यांना मंजुरी द्यावी लागली. देणे होतेच, ते फक्त कर्जाच्या रकान्यात सरकले. केनियाने २०२५ मध्ये इंधनावरच्या रस्ते-देखभाल शुल्काचा काही भाग तारण ठेवून कंत्राटदारांसाठी पैसा उभा केला. हे सरकारी कर्ज आहे की नाही, यावर वाद झाला. माझ्या मते पुढच्या वर्षांचा कर आजच खर्ची पडला असेल, तर तक्त्यात निदान वेगळी ओळ हवीच.

अशी देणी हुडकण्याची एक चाचणी घरबसल्या करता येते. लागोपाठच्या दोन वर्षांच्या कर्जातला फरक काढा. त्यातून त्या वर्षाची राजकोषीय तूट (महसुलापेक्षा जास्त झालेला खर्च) वजा करा, मग विनिमय दराचा परिणाम वजा करा. जे उरते ते शून्याच्या आसपास असायला हवे. मोझांबिकमध्ये सरकारी कंपन्यांनी सरकारी हमीवर घेतलेली गुप्त कर्जे २०१६ मध्ये उघड झाली आणि नाणेनिधीने मदत थांबवली. तिथे आधीच्या वर्षांत ही चाचणी काहीच सांगू शकली नसती, कारण कर्ज तूट आणि साठा दोन्हींबाहेर होते. पण नायजेरियाच्या २०२३ च्या आकड्यांवर ती लगेच बोलते. दोन्ही देशांसाठी पाच-पाच वर्षांचे हे शिल्लक आकडे काढा आणि जिथे रक्कम जीडीपीच्या एक टक्क्याहून मोठी निघेल, त्या वर्षाचा अर्थसंकल्प आणि लेखापरीक्षकाचा अहवाल उघडा.